आईच्या झाडाला नाव लावणं

माझं कोणाशी पटत नाही आणि त्याला माझा धंदा कारणीभूत आहे, असं माझा नवरा म्हणतो. मी लेबलं विकते. अकोल्यात माझं छोटं दुकान आहे, अकोला आणि अमरावतीच्या कारखान्यांमधून फिरते आणि दिवसभर माणसांना एकच प्रश्न विचारते, की हे लेबल राहणार कुठे? याचं उत्तर कोणाला द्यायचं नसतं. बियाण्याच्या पोत्यावरचं असो, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं असो, की मोटारपंपावरचं असो, समोरचा म्हणतो, "मॅडम, साधं स्टिकर तं हाय. स्वस्तातलं दाखवा." मी स्वस्तातलं दाखवते. मग मे महिन्यात तोच माणूस फोन करून ओरडतो की अक्षरं उडाली. जशी काही मीच रात्री जाऊन ती पुसली.

आमच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी आहे. तिच्या पश्चिमेच्या अंगाला मी नमुन्याची लेबलं चिकटवून ठेवते आणि उन्हाळाभर पाहते. कागदी लेबल आधी पिवळं पडतं, मग कडेने उचलतं. साध्या प्लास्टिकचं आक्रसतं आणि त्याचा डिंक वितळून खाली ओघळतो. लाल शाई सगळ्यात आधी जाते. मशीनमधल्या मेणाच्या शाईरिबिनीने छापलेलं असेल तर नखाने घासलं की अक्षर नखात येतं. जाड पॉलिस्टर आणि त्यावर राळेच्या रिबिनीची छपाई एवढंच काय ते दोन-तीन उन्हाळे काढतं. त्यापुढचं पाहिजे असेल तर धातूवर कोरायचं. यात काही मोठं ज्ञान नाही, डोळे उघडे ठेवले की कळतं. पण लोक मला म्हणतात, "तुमचा भाव जास्त आहे," आणि मी त्यांना म्हणते, "मग तुमच्या मालाचं नाव काय ते तुम्हीच लक्षात ठेवा." असं बोलल्याने माझी गिऱ्हाइकं तुटली आहेत. मला त्याचं दुःख नाही.

माझं माहेर वरूडच्या बाजूला. भावाची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. जंबेरी या रानलिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधायचा, कलम वर्षभर पिशवीत वाढवायचं आणि पावसाळ्यात विकायचं, हा तिकडे घरोघरचा उद्योग. भाऊ माझ्यापेक्षा मोठा आहे आणि ते तो एक दिवसही विसरत नाही. वडील गेल्यावर जमीन त्याच्या नावावर व्हावी म्हणून मी हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी करतातच. जी करत नाही तिचं माहेर तुटतं. रजिस्ट्री ऑफिसातून घरी आल्यावर वहिनीने मला साडी नेसवली. तोंडाला पानं पुसली म्हणतात ती अशी. त्या साडीचा रंग दुसऱ्या धुण्यात गेला. रंग टिकण्या-न टिकण्यातलं मला कळतं, म्हणून हे जास्त लागलं.

विहिरीजवळचा एक तुकडा तेवढा आईच्या नावावर राहिला. त्याला सगळे आईचा तुकडाच म्हणतात. त्याच्या बांधाला आईचं एक संत्र्याचं झाड होतं. वडिलांनी लावलेल्या पहिल्या बागेतलं ते उरलेलं. बाकीच्या झाडांची फळं उतरून गेली तरी याची फळं हिरवी असायची, म्हणून वडील ते तोडायला निघाले होते. आई आडवी झाली. पुढे कळलं की त्या झाडाचं फळ उशिरा पिकतं, पण महाशिवरात्रीपर्यंत झाडावर टिकतं. इतर संत्र्यांचं साल सुटून ती पोकळ होतात, आतून सुकतात. या झाडाचं साल फोडीला घट्ट धरून असायचं. दर वर्षी हिवाळा संपताना आई एसटीच्या कंडक्टरकडे माझ्यासाठी एक पिशवी द्यायची. ती संत्री मी दुकानातल्या कोणालाही दिली नाहीत.

त्या झाडाला डिंक्या लागला. बुंध्यातून डिंक वाहायला लागला, पानं पिवळी पडली. औषधं केली, मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डोचा लेप केला, पण आईलाही कळत होतं की झाड आता जाणार. मग भावानेच त्याच्या चांगल्या फांद्यांवरचे डोळे काढले आणि जंबेरीवर बांधले. त्याचं श्रेय मी त्याला देते, कारण द्यावंच लागतं. ती कलमं इतर हजारो कलमांबरोबर आईच्या तुकड्यातल्या शेडनेटखाली उभी राहिली. संत्र्याचं कलम पानावरून ओळखू येत नाही. एका जातीची सगळी कलमं सारखीच दिसतात, आईलाही ती ओळखता येत नव्हती. खरं काय ते चार-पाच वर्षांनी फळ आल्यावर कळणार.

आईने मला फोन केला. "मले ते झाड पुन्हा फळलेलं पाहाचं हाय," ती म्हणाली. "तू लेबलं इकतं ना? मंग याईले असं लाव का उन्हानं जानार नाही, फवाऱ्यानं बी जानार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी लेबल कुठे राहणार आहे ते आपणहून सांगितलं होतं. मी कामाला लागले. जाड पॉलिस्टरच्या पट्ट्या केल्या, राळेची छपाई केली आणि वरून पारदर्शक थर दिला. एका टोकाला भोक पाडून त्यात नायलॉनची दोरी ओवली. दोरी सैल बांधायची, कारण खोड जाड होत जातं आणि घट्ट बांधलेली दोरी झाडाचा गळा आवळते. साधी ॲल्युमिनिअमची पट्टी मी मुद्दामच घेतली नाही, कारण बोर्डोतलं मोरचूद तिला खातं. प्रत्येक पट्टीवर छापलं होतं, "आईचं झाड."

मग मी घरी फोन केला. फोन वहिनीने उचलला. मी म्हटलं, "रविवारी येतो. आईच्या तुकड्यातल्यायले नाव लावाचं हाय."

तुकड्यातल्यायले, म्हणजे तुकड्यातल्या कलमांना. वहिनीने ऐकलं "तुकड्याले." फोनवर मधलं एक अक्षर गळलं असेल, नाहीतर तिने गाळलं असेल. ध चा मा करायला पेशवाईच लागते असं नाही. सातबारावर नाव लावणं आणि कलमाला नाव लावणं या दोन्हीला आपल्याकडे शब्द एकच. आणि हक्कसोड केलेली बहीण रविवारी येऊन आईच्या तुकड्याला नाव लावणार म्हणते, याचा अर्थ वरूडकडे कोणत्याही घरात एकच होतो.

रविवारी मी बंडल पिशवीत घालून पोचले तेव्हा ओसरीवर मामा बसले होते. त्यांना चांदूर रेल्वेहून बोलावून घेतलं होतं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, घरात वाद झाला की येणारा माणूस. मला वाटलं, सहज आले असतील. "बस," ते म्हणाले. पाणी कोणी दिलं नाही. एवढ्या उन्हातून आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी पाण्याचा गडू देतात, मग तो शत्रू का असेना. भाऊ खांबाला टेकून उभा होता आणि माझ्याकडे न पाहता बोलला.

"नाव लावाले आली?"

"हो. त्याच्यासाठीच आली."

"आईनं सांगतलं?"

"तिनंच सांगतलं."

"आन सहीचं काय?"

मला वाटलं, रोपवाटिकेच्या परवान्याचं काही असेल. "सही कायले लागते त्याले?" मी म्हटलं. "एक दोरी लागते फक्त. ते मी आनली हाय."

मामा ताठ झाले. "दोरी आनली? म्हंजे मोजनी करतं काय तू?"

"पाहा," वहिनी दारातून म्हणाली. "मी म्हनत होती ना."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामा का आले होते, पाणी का आलं नव्हतं, सगळंच. मी पिशवीतून बंडल काढलं आणि बाजेवर आपटलं. "हे लावाले आली," मी म्हटलं. "कलमाईले."

मामांनी एक पट्टी उचलून वाचली आणि हसायला लागले. "अरे बाप्पा," म्हणाले, "येका शब्दापायी माया रविवार गेला." ते हसले तसं मीही हसून सोडून देऊ शकले असते. पण मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. गैरसमज कोणाचाही होतो. पण तो झाल्यावर यांनी मला एक फोन करून विचारलं नाही. चांदूर रेल्वेहून मामाला बोलावलं.

"माया सहीनं सारं तुयं झालं," मी भावाला म्हटलं, "तवा मी एक शब्द बोलली नाही. साडी दिली, नेसली. आन तुमाले मी चोर वाटली?"

"तू फोनवर नीट बोलाले पायजे होतं."

"मी नीटच बोलली. तुमच्या मनात जे हाय ते तुमाले आयकू आलं."

यावर वहिनी आत गेली. भावाने बाजेवरची पट्टी उचलली आणि वाचली. मला वाटलं, आता तरी त्याला लाज वाटेल. त्याने पट्टी परत ठेवली.

"हे नको," तो म्हणाला. "हे बी नावच हाय."

"मंग? नाव लावाले तं आली."

"आईचं काऊन? वाटिका माई हाय, खुंट माये, मजुरी मी देतो. आज कलमावर आईचं, उद्या तुकड्यावर कोनाचं? गिऱ्हाईक इचारन तं काय सांगू?"

आतून आईचा आवाज आला, "लावू दे रे तिले."

"मी लावतो, आई," भाऊ म्हणाला. "माया हातानं लावतो. इच्या लेबलाची आपल्याले गरज नाही."

मी बंडल उचललं आणि निघाले. ते तिथे ठेवून यायला हवं होतं, असं नंतर सगळे म्हणाले. म्हणोत. ज्या घरात पाणी देत नाहीत तिथे मी माल ठेवून येत नाही. आई फाटकापर्यंत माझ्या मागे आली. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "दोन शब्द गोड बोलली असती तं झिजली असती काय? तुमी दोघं भांडा, अन् झाड मायं जाते."

पुढच्या आठवड्यात तिने फोनवर सांगितलं की भावाने नावं लावली. औषधाचे पांढरे डबे कापून तुकडे केले, मार्करने लिहिलं आणि सुतळीने बांधलं. "मार्कर कोनता?" मी विचारलं. "पक्का हाय म्हनते तो," आई म्हणाली. पक्का मार्कर. ज्या मार्करवर पक्का लिहिलेलं असतं त्याची पक्की शाई आमच्या टाकीवर एक उन्हाळा पुरत नाही, काळी होती की निळी तेही सांगता येत नाही. मी आईला तसं सांगितलं. "मंग येऊन पाहून जाय," ती म्हणाली. मी गेले नाही. लेकी माहेरी जातात त्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेलाही, गेले नाही.

त्या उन्हाळ्यात आईचं झाड गेलं. आजार बागेत पसरू नये म्हणून भावाने ते मुळासकट काढलं. आईने मला ते दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, "कलमं हायेत ना." त्या कलमांच्या भरवशावर ती बोलत होती.

पावसाळ्यात मी अमरावतीला एका कारखान्याच्या गेटवर उभी होते, माल परत करणाऱ्या माणसाशी वाद घालत, तेव्हा भावाचा फोन आला. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. ख्यालीखुशाली काही नाही.

"येक नाव करून दे," तो म्हणाला. "पक्कं. जन्मभर टिकलं पायजे."

"कोनाले?"

"आईच्या झाडाले. तुकड्यात लावलं हाय."

मी विचारलं, "मार्करचं काय झालं?"

तो पावसाचं सांगायला लागला. मी पुन्हा विचारलं.

"सारे पांढरे झाले," तो म्हणाला. "येक बी वाचता येत नाही. मंग वादळात नेट उडालं. साऱ्या पिशव्या उचलून निंबाखाली नेल्या, घाईघाईत. त्याच्यात मिसळल्या."

"अन् मंग?"

"मंग गिऱ्हाइकं आले. माल गेला."

"आईचे कलमं बी?"

"कोनते ते समजलं असतं तं इकले असते काय?"

म्हणजे आईचं झाड आता वरूडपासून मोर्शीपर्यंत कोणाच्या तरी बागांमध्ये उभं होतं. कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं आणि ज्यांच्याकडे होतं त्यांनाही माहीत नव्हतं. "अन् तुकड्यात जे लावलं ते कोनतं हाय?" मी विचारलं.

"उरले त्याच्यातलं येक चांगलं पाहून लावलं."

"चांगलं पाहून," मी म्हटलं.

"तिले सांगतलं का तेच हाय. पन तिचा मायावर इश्वास नाही. रोज इचारते, पोरीनं नाव काऊन नाही लावलं. तुया हातचं नाव दिसलं का इचारनार नाही." मग तो म्हणाला, "तिचं वय झालं. तिले खरं सांगून काय भेटनार हाय? तूच सांग."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. गेटवरचा माणूस वाद सोडून ऐकत उभा राहिला. शेवटी मी म्हटलं की तुझं पाप झाकायला माझं लेबल मागतोस, लाज वाटत नाही? आणि फोन ठेवला. कोणी माझ्याकडे खोट्या नावाचं लेबल मागितलं तर मी त्याला दुकानाबाहेर काढते. संपलेल्या तारखेवर नवी तारीख छापून मागणारे मी असेच काढले आहेत. त्यामुळे मला वाटलं, विषय संपला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "तू येनार हाय म्हने नाव लावाले," ती म्हणाली. आवाज इतका मोकळा होता की मी तो किती दिवसांनी ऐकला ते आठवेना. "भाऊ म्हने तुयाशी बोलला. बरं झालं, बोलले तुमी. या खेपेला कोनी काही म्हननार नाही. वहिनीले बी मी सांगतलं." मी हातातली रिबीन गुंडाळत राहिले. "आयकतं ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, येतो."

भावाने मला बरोबर अडकवलं होतं. तो मूर्ख आहे असं मी आयुष्यभर समजत आले, तसा तो नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात भांड्यांवर नाव टाकणारे एक चाचा बसतात. लग्नाच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव टाकायची आपली रीत आहे, आणि ते काम त्यांच्या मशीनइतकं सफाईचं दुसरीकडे होत नाही. माझ्या लग्नातल्या घागरीवर, बादलीवर, सगळ्या गंज-पातेल्यांवर भावाचं नाव आहे, "सप्रेम भेट" सकट. इतकी वर्षं घासते आहे, एक काना-मात्रा गेलेला नाही. मी चाचांना स्टीलची जाड पट्टी दिली आणि मजकूर सांगितला.

"झाड पे लगाना है?" त्यांनी विचारलं. "बर्तन खतम हो गए क्या, बाई?"

मी म्हटलं, झाडासाठीच आहे, खोल कोरा, ऊन-पाणी-फवारा सगळं सोसायला पाहिजे. त्यांनी मशीन सुरू केलं. "आईचं झाड" एवढं लिहून झाल्यावर सवयीने थांबले आणि म्हणाले, "किसकी तरफ से लिखूँ?"

मी म्हटलं, "कोणाच्याच नाही."

"बिना नाम की भेट?" ते म्हणाले आणि पट्टी फडक्याने पुसून दिली.

मी वरूडला गेले. या वेळी वहिनीने पाणी दिलं. मी प्यायले, पण गोड लागलं असं म्हणणार नाही. तुकड्यात कलम उभं होतं. तजेलदार, सरळ, चांगलं पाहून लावलेलं. पट्टी झाडाला न बांधता लोखंडी खुंटीवर बसवायची असं मी ठरवलं होतं, म्हणजे खोड वाढलं तरी काचायला नको. भावाने खुंटी धरली आणि मी हातोडा मारला. लहानपणानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. एकदा हातोडा त्याच्या बोटाच्या अगदी जवळ पडला. त्याने खुंटी सोडली नाही, मीही थांबले नाही.

आईने पट्टी पदराने पुसली. ती चौथी शिकलेली आहे, एकेक अक्षर लावून वाचते. वाचून झाल्यावर तिने कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मग नखाने खरवडून पाहिलं. तसं ती माझ्याकडूनच शिकली होती. "हे जात नाही आता," ती म्हणाली. मग तिने भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाय, असं पायजे होतं पयल्यापासून." भावाने मान खाली घातली. त्या क्षणी मला त्याची कीव यायला हवी होती. मला एवढंच वाटलं की बाकी सगळ्या वाटणीत माझ्या हाती काही आलं नाही, आणि हे खोटं मात्र त्याने मला बरोबर अर्धं दिलं.

परतताना एसटीत मी स्वतःला सांगत होते की आईला बरं वाटलं, एवढं पुरे. पुरे नव्हतं. मी वीस ठिकाणी भांडते ते नाव आणि वस्तू एक असावी म्हणून. माझ्या हातून गेलेलं सगळ्यात टिकाऊ नाव हजारांतल्या कुठल्यातरी झाडासमोर उभं आहे आणि ते मी तिथे ठोकून आले. ते उडणार नाही. उन्हाने नाही, बोर्डोने नाही, माझ्या नखाने तर नाहीच.

आता तीन वर्षं झाली. आई त्या झाडाला स्वतः पाणी घालते. उन्हाळ्यात बुंध्याला गवताचं आच्छादन घालते, पट्टी पुसते. फोनवर बाकी कोणाची चौकशी होवो न होवो, झाडाची खबर असतेच. किती उंच झालं, कोणती फांदी कापली, पाखरांनी कुठे घरटं केलं. मी ऐकते आणि माझ्या मनात एकच हिशेब चालतो. या झाडाला फळ आलं की आई पहिलं फळ सोलणार. तिच्या हातात साल सुटून येईल आणि तिला कळेल. त्याला कोणाच्या साक्षीची गरज नाही. म्हणून मला वाटतं, फळ उशिरा यावं. खूप उशिरा. आणि आईचं वय पाहता असं वाटून घेण्याचा दुसरा अर्थ काय होतो तेही मला समजतं. तेव्हा मी टाकीवरची लेबलं पाहायला गच्चीवर जाते, नाहीतर नवऱ्याशी भांडण काढते.

यंदा थंडी सरताना, संत्र्याला फुलं येतात त्या आंबिया बहाराच्या दिवसांत सकाळी तिचा फोन आला. दुकान उघडत होते. "फुलं आले," ती म्हणाली. "येका फांदीले चिक्कार आले. मी मोजून राहिली होती, पन मोजता येत नाही." ती हसत होती. सत्तरी ओलांडलेली बाई फोनवर हसत होती आणि मी हातात कुलूप घेऊन उभी होते.

"तोडून टाक, आई," मी म्हटलं. "झाड ल्हान हाय. आताच फळ धरलं तं झाडाचं बळ जाते."

हे खोटं नाही. लहान झाडाची पहिली फुलं कोणताही संत्रेवाला तोडतो, जमिनीत आधी मूळ धरावं म्हणून. रोपवाटिकेवर गिऱ्हाइकाला हेच सांगतात.

"भाऊ बी तेच म्हने," आई म्हणाली. "तोडून टाक म्हने. मले वाटलं तू म्हनशीन ठेव. तुमचं दोघाईचं कधी येका गोष्टीवर जमलं नाही, आन आज नेमकं जमलं."

"तो बरोबर बोलते," मी म्हटलं. भावाबद्दल हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

"बरं, तोडतो," ती म्हणाली. मग फोन धरूनच ती चालायला लागली असावी, कारण तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मग फांदी हलल्याचा आवाज. ती एकेक फूल खुडत होती आणि मी ऐकत होते. मग म्हणाली, "औंदा तोडले. पुढच्या साली ठेवू?"

"पुढच्या साली पाहू."

"मंग ठेवाचे कवा?"

"सांगतो," मी म्हटलं.